विश्लेषण : बाजारपेठेतील पावसाचे पाणी नदीआधी तळ्यात का थांबायला हवे?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की धसईसारख्या बाजाराच्या गावातील रस्ते धुऊन निघतात. रस्त्यावरची घाण मात्र नाहीशी होत नाही. ती गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. हेच पाणी नदीत पोहोचण्यापूर्वी दिवसभर पाणवनस्पतींच्या उथळ तळ्यात थांबवले, तर त्यातील बराचसा मळ तिथेच राहतो. त्यासाठी वीज, यंत्रे किंवा रसायने लागत नाहीत. अशा तळ्याला कृत्रिम पाणथळ म्हणतात. त्याला लागते ती जागा, आणि मुरबाड-शहापूरमध्ये ती अजून शिल्लक आहे. म्हणूनच तिचा निर्णय आत्ताच व्हायला हवा.

ग्रामीण भागात हा प्रश्न का?

डिसेंबर २०१६मध्ये राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून धसईचे नाव सर्वत्र झाले. त्यामागचे कारण साधे होते. आसपासच्या गावपाड्यांची ही बाजारपेठ आहे. बाजारपेठ म्हटली की दुकानांवरचे पत्रे, सिमेंटचे रस्ते, गॅरेज, मासळी-मटणाची दुकाने, खते-औषधांची विक्री आणि गाड्यांची गर्दी आलीच. मातीवर पडलेला पाऊस काही अंशी मुरतो. काँक्रीटवर पडलेला जवळजवळ सगळा वाहून जातो आणि जाताना वाटेतले सगळे सोबत नेतो.

मुरबाड तालुक्यातील पाणी काळू आणि बारवी या नद्यांवाटे उल्हास नदीला मिळते. शेजारच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरण हा मुंबईच्या पाण्याचा सर्वात मोठा स्रोत. हे पाणी धरणातून नदीत सोडले जाते आणि पुढे पिसे येथे उचलले जाते. म्हणजे मधल्या पट्ट्यात काठावरून जे काही नदीत येईल, ते त्या प्रवाहात मिसळते. मुंबईकडे पांजरापूर आणि भांडुपची शुद्धीकरण केंद्रे आहेत. नदीकाठच्या अनेक पाड्यांकडे तशी सोय नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यांना पावसाळ्यात आपलेच पाणी गढूळ करणे परवडणारे नाही.

त्यात या भागाचे रूप झपाट्याने बदलते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. जमिनीचे व्यवहार, गोदामे आणि गृहसंकुले रस्त्यामागोमाग येतात. त्यांच्यासोबत काँक्रीटही येते.

पहिल्या पावसाचे पाणीच सर्वात घाण का?

ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यावर धूळ, शेण, सांडलेले तेल आणि टायरची झीज साचत राहते. टायर आणि गंजलेल्या पत्र्यांतून जस्त येते, ब्रेकमधून तांबे येते. मोठ्या पावसाच्या सुरुवातीच्या पाण्यात यातला मोठा वाटा वाहून जातो. नंतरचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. याचा अर्थ सगळा पाऊस साठवण्याची गरज नाही. सुरुवातीचा हप्ता पकडला, तरी बरेच साधते.

याच दिवसांत वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. वर्षभराचा मळ नेमका त्यांच्या वाटेवर ओतला जातो. तळे आखताना हेही लक्षात ठेवायला हवे. ओढ्यावर बांध घालून तळे करू नये. ते गटाराच्या तोंडाशी, ओढ्याच्या बाजूला असावे. मग माशांची वाट मोकळी राहते.

तळ्यात नेमके काय घडते?

पहिला टप्पा जाळीचा आणि गाळकुंडाचा. जाळीवर प्लास्टिक अडकते. कुंडात पाण्याचा वेग कमी होतो आणि जड कण खाली बसतात. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, म्हणजे दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन दिवस लागतात. म्हणून नुसता खड्डा पुरत नाही. पुढचा टप्पा लागतो.

तो टप्पा उथळ पाण्याचा आणि वनस्पतींचा. पाणकणीस, लव्हाळा, देवनळ, कर्दळ अशा वनस्पतींची दाट खोडे पाण्याला आणखी संथ करतात. बारीक कण त्यांना चिकटतात. पाण्याखालच्या प्रत्येक देठावर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. सेंद्रिय घाण खाऊन टाकण्याचे खरे काम हा थर करतो. वनस्पती पोकळ देठांतून मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचवतात. तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. थोडे खाली, प्राणवायू नसलेल्या चिखलात, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो.

फॉस्फरस असा उडून जात नाही. तो लोहयुक्त मातीच्या कणांना धरून तळाशी बसतो. जस्त-तांब्यासारखे धातूही गाळातच अडकतात. रोगजंतूंपैकी काही उन्हाने मरतात, काही सूक्ष्मजीवांचे खाद्य होतात, काही गाळासोबत खाली जातात.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत केटे झायडेल या संशोधिकेने १९५०च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने सांडपाण्यासाठी याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. सुमारे १२,५०० हेक्टरवर पसरलेल्या पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत तर शहराच्या सांडपाण्यावर मासेपालन चालते. या पाणथळींना २००२मध्ये रामसर दर्जा मिळाला.

जागा किती लागेल?

आकडेमोड फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एखाद्या बाजारपेठेत पाच हेक्टर जागा पत्रे आणि काँक्रीटखाली आहे असे धरू. २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के वाहून गेला, तर दहा लाख लिटर पाणी जमते. ते सरासरी एक मीटर खोलीच्या तळ्यात ठेवायला हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे जागा लागते. वनस्पतींसाठी उथळ भाग वाढवला, तर जागाही थोडी वाढते. घाटाच्या पायथ्याचा दोनशे मिलिमीटरचा पाऊस यात मावणार नाही. तो मावायचीही गरज नाही. त्यासाठी बगलेने सांडवा काढायचा, म्हणजे साठलेला गाळ पुन्हा ढवळून बाहेर पडत नाही.

दहा गुंठे आज गावाच्या सखल भागात, पडीक खाचरात किंवा बुजत चाललेल्या जुन्या तळ्यात सापडू शकतात. हीच जागा आधी भराव टाकून विकली गेली, तर नंतर कोणतीही योजना ती परत आणू शकत नाही.

या तळ्याने काय होणार नाही?

कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करण्याचे हे साधन नाही. शौचालयाचे मैलापाणी त्यात सोडले, तर तळे लवकरच सडेल. विरघळलेले क्षार त्यातून सरळ पुढे जातात. चांगल्या तळ्यात निम्म्याहून अधिक गाळ अडतो, पण नायट्रोजनच्या बाबतीत यश कमी-जास्त असते. बाहेर पडणारे पाणी पिण्यायोग्यही नसते. नदीवरचा भार कमी करणे एवढेच त्याचे काम.

डासांची भीती खरी आहे. डेंग्यूचा डास मुख्यतः घराभोवतीच्या टाक्या, कुंड्या, टायर यांत वाढतो, पण घाण साचलेल्या पाण्यात दुसरे डास होतातच. पाणी एक-दोन दिवसांत पुढे सरकेल असा उतार आणि कायम पाणी राहणाऱ्या खोलगट भागात डासांच्या अळ्या खाणारे मासे, हे दोन्ही आराखड्यातच असायला हवे. जलपर्णीला तर थारा देऊ नये. ती वाढताना पाण्यातले पोषकद्रव्य घेते आणि कुजली की सगळे परत करते.

नवी मुंबईने काय शिकवले?

आपल्याच जिल्ह्यात याचा धडा आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी दारे बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. हे तलाव पूर टाळण्यासाठी होते. वर्षानुवर्षे त्यांत गाळ साचला, गाळावर खारफुटी वाढली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने आता गाळ काढायचा तर परवानग्यांचा प्रश्न उभा राहतो. बांधताना जी देखभाल सोपी होती, ती आता अवघड झाली आहे.

म्हणून तळ्याच्या अंदाजपत्रकात बांधकामाच्या शेजारीच दरवर्षीच्या देखभालीची ओळ असली पाहिजे. मे महिन्यात गाळकुंड उपसणे, पावसाळ्यानंतर वनस्पती कापून बाहेर काढणे, आठवड्याला जाळी साफ करणे. कापलेली वनस्पती काठावरच टाकली, तर फॉस्फरस पुन्हा पाण्यात जातो. गाळाबाबतही सावधगिरी हवी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे धरणाचा गाळ शेतात टाकण्याची सवय झाली आहे, पण रस्त्याच्या गाळात धातू असू शकतात. तो तपासल्याशिवाय भातखाचरात टाकू नये.

मग आता काय करावे?

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेली होती. गटारे बांधण्यावर खर्च होतो आणि तो दिसतो. गटार जिथे संपते, तिथे काय होते याचा आराखड्यात उल्लेखच नसतो. धसईसारख्या ग्रामपंचायतींनी आणि मुरबाड, शहापूर नगरपंचायतींनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक मोठ्या गटाराचे शेवटचे टोक नकाशावर दाखवावे. तिथली सखल जागा पाणथळीसाठी राखीव असल्याचा ठराव करावा. नव्या गृहसंकुलाला किंवा गोदामाला परवानगी देताना त्याच्या पावसाच्या पाण्याची व्यवस्था त्याच्याच आवारात मागावी.

यासाठी पुढच्या जूनची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभेत गटाराचा विषय येतोच. पुढच्या वेळी तो आला की एवढे विचारा : हे गटार नदीला मिळण्यापूर्वी कुठे थांबते?