नांव एक, समजूत अनेक

वर्गाचा हजेरीपट उघडला म्हणजे ईश्वराचीं कितीतरी नांवें रोज आमच्या ओठांवर येतात. नारायण आणि विठ्ठल तर आहेतच. परंतु अब्दुल रहमान ह्या नांवाचा अर्थ 'परम दयाळूचा सेवक' असा आहे, आणि योहान ह्या नांवांत 'यहोवानें कृपा केली' हें अख्खें वाक्यच सांठविलेलें आहे. त्यांच्याच शेजारीं सिद्धार्थ किंवा राहुल नांवाचा विद्यार्थी बसतो. त्याच्या घरीं नित्य वंदना होते, पण ती सृष्टिकर्त्या ईश्वराची नव्हे. हीं मुलें एकाच नळाचें पाणी पितात, एकाच फळ्याकडे पाहतात, आणि मधल्या सुटींत कधीं कधीं 'तुमचा देव' व 'आमचा देव' असा वादही घालतात. तो वाद कानीं पडला कीं वडील माणसें बहुधा एकच उत्तर देतात: "अरे, देव एकच, नांवें तेवढीं निराळीं."

ह्या उत्तरामागील हेतु चांगला आहे, व भांडण तोडण्यास तें उपयोगीही पडतें. परंतु शिक्षण म्हणून तें अपुरें आहे, आणि प्रसंगीं तें शेजाऱ्यावर अन्यायही करतें, असें आमचें नम्र मत आहे. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें विचारार्थ ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ आमच्याच घरापासून करूं. मराठी ख्रिस्ती मनुष्य प्रार्थनेंत 'देव', 'प्रभु', 'परमेश्वर' असे शब्द उच्चारतो. हे शब्द कोणी जहाजांत भरून आणले नाहींत. ते ह्याच भूमीचे आहेत. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांनीं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. स्वर्गासाठीं त्यांनीं 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणें योजिला. शब्द वैष्णवांचा, अर्थ ख्रिस्ती. पुढें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व भजन ह्यांच्याच वाटेनें ख्रिस्ताचें गुणगान केलें. दूर देशींही हेंच दिसतें. इजिप्त व लेबनॉन येथील अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक आपल्या बायबलांत परमेश्वरास 'अल्लाह' असेंच म्हणतात. तेव्हां ईश्वराच्या नांवावर कोणाही धर्माचा मालकी हक्क नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

परंतु शब्द एक झाला म्हणून समजूत एक होत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत समुद्रपूर तालुक्यांतील गिरड येथें टेकडीवर शेख फरीद ह्यांचा दर्गा आहे. तेथें हिंदु व मुसलमान दोघेही जातात. मुसलमानांच्या शास्त्राप्रमाणें फरीद हे वली, म्हणजे ईश्वराच्या निकट गेलेले सत्पुरुष. ते ईश्वर नव्हेत. शेजारीं उभा असलेला हिंदु भाविक कदाचित् त्यांस देव समजूनच नवस फेडीत असेल. जागा एक, हात जोडणें एक. समजूत मात्र दोन. वारकऱ्याचा विठ्ठल भक्तासाठीं विटेवर तिष्ठत उभा राहतो. मुसलमानाच्या अल्लाहला मूर्ति नाहीं, जोड नाहीं, पुत्र नाहीं. आम्ही ख्रिस्ती मात्र त्यास बाप म्हणतों, व तो पुत्राच्या ठायीं प्रगट झाला असें मानतों. हे भेद लहान नाहींत. ते नाहींत असें म्हणणें म्हणजे तिघांपैकीं एकाचेंही म्हणणें आपण नीट ऐकलें नाहीं असें कबूल करणें होय.

ह्याहून गंभीर गोष्ट बौद्ध विद्यार्थ्याची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि वर्धा जिल्ह्यांतील कितीतरी घराण्यांचा इतिहास त्या दिवशीं बदलला. त्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या त्या घरांनीं देवाचें नांव ऐकलें होतें, पण देवळाच्या बाहेर उभें राहून. वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज ह्यांनीं १९२८ सालीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें, ही बातमी सर्व देशांत गाजली; दार उघडणें ही बातमी व्हावी, ह्यावरूनच किती दारें बंद होतीं तें कळतें. अशा घरांतील मुलास "तुमचे भगवान म्हणजे आमचाच देव" असें हंसत सांगणें आम्हांस गोड वाटेल. पण त्याच्या आजोबांनीं जें जाणूनबुजून सोडलें, तेंच आपण न विचारतां पुन्हा त्याच्या पदरांत टाकतों. ही उदारता नव्हे.

मग एकत्र बसावें कसें? ह्याचें उत्तर शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. गांधीजी १९३६ सालीं शेगांवीं राहावयास आले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. तेथील आश्रमाच्या प्रार्थनेंत उपनिषदांतील वचन, गीतेंतील स्थितप्रज्ञाचीं लक्षणें, कुराणांतील सूरा, पारशी प्रार्थना आणि जपानी बौद्धांचा मंत्र ह्यांस स्थान मिळालें. त्या जपानी मंत्रांत सृष्टिकर्त्यास हांक नाहीं. पुंडरीक सूत्र नामक ग्रंथास तो नमस्कार आहे. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, अरबी तें अरबींत म्हटलें गेलें, जपानी तें जपानींत. सर्वांचा मिळून एक काढा कोणी केला नाहीं.

ईश्वर न मानणाऱ्यासही तेथें जागा मिळाली. 'ईश्वर सत्य आहे' असें पूर्वीं म्हणणारे गांधीजी पुढें 'सत्य हाच ईश्वर' असें म्हणूं लागले. आंध्रांतील गोरा नांवाचे निरीश्वरवादी समाजसेवक १९४४ च्या अखेरीस सेवाग्रामीं आले. "तुम्हीही नकळत आस्तिकच आहां" अशी त्यांची समजूत घालून गांधीजींनीं त्यांस गप्प बसविलें नाहीं. त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें. गोरांच्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानलेल्या समाजांतील तरुणाशीं ठरला, तेव्हां त्या विधींत ईश्वराच्या जागीं सत्याचें नांव घेण्यास त्यांनीं संमति दिली. विवाह मार्च १९४८ मध्यें सेवाग्रामींच झाला. तो पाहण्यास मात्र गांधीजी उरले नव्हते.

येथें कांहीं पालक विचारतील, "अशानें मुलाची स्वतःची श्रद्धा ढिली होणार नाहीं काय?" आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगांचें कार्य उभारणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती घराण्यांतले. गांधीजींच्या सहवासांत त्यांची श्रद्धा विरघळली नाहीं. येशूच्या शिकवणीवर त्यांनीं पुस्तकही लिहिलें. आम्हीही प्रार्थना येशूच्याच नांवानें करतों व करीत राहूं. ज्याचीं मुळें खोल आहेत, त्या झाडास वाऱ्याचें भय कशाला?

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, "तें नांव तोंडांतून काढूं नकोस" असें मुलास सांगूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही शेजारच्या बांकावरील मित्रास विचारा: "तुझ्या घरीं कोणास हांक मारतात, आणि त्याच्यापाशीं काय मागतात?" तो जें सांगेल तें दुरुस्त करूं नका, ऐका. "आम्ही कोणासच हांक मारीत नाहीं" असें तो म्हणाला, तर तेंही ऐका. मग त्यानें विचारल्यास आपलें सांगा, न भितां व न ओरडतां. देव एकच आहे अशी आमची श्रद्धा आहे. म्हणूनच शेजाऱ्याचें पुरतें ऐकून घेण्याइतका धीर त्यानें आम्हांस द्यावा, असें त्याच्यापाशीं आमचें मागणें आहे.