ब्राउझर आपल्या सोयीचा

घर भाड्याचे असले तरी माणूस भिंतीवर आपल्या सोयीची फळी ठोकतोच. ब्राउझर मात्र बहुतेक कुटुंबे जसा मिळाला तसाच वर्षानुवर्षे वापरतात. अक्षरे बारीक दिसतात म्हणून आजोबा चष्म्याचा क्रमांक तपासून घेतात. सेटिंग्जचे पान उघडून पाहावे, हे कुणाला सुचत नाही. याउलट घरातील महाविद्यालयीन नातू ज्या दिवशी संगणकापाशी बसतो, त्या दिवशी त्यात दहा-बारा ॲड-ऑन बसवूनच उठतो. दोन्ही टोके सारखीच अडचणीची.

ॲड-ऑनची कल्पना मुळात मोठी सुंदर आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती आली, तेव्हा मूळ ब्राउझर आटोपशीर ठेवावा आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडून घ्यावे, हे तिचे एक आकर्षण होते. २०१० पासून क्रोमनेही ती सोय दिली. जाहिराती रोखणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे रेमंड हिल यांचे ॲड-ऑन तर अनेकांना ब्राउझरचाच भाग वाटते. ते विनामूल्य आहे. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तेथे आता त्याची केवळ ‘लाइट’ आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालते.

परंतु बसवताना पडद्यावर जी अनुमती मागितली जाते, ती फारसे कुणी वाचत नाही. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे’ असा तिचा आशय असतो. ‘सर्व’ या शब्दात बँकेचे पानही येते आणि टपालपेटीही. ‘द ग्रेट सस्पेंडर’चे उदाहरण येथे बोलके आहे. वापरात नसलेले टॅब निद्रिस्त करून संगणकाची स्मृती वाचवणारे हे उपयुक्त ॲड-ऑन वीस लाखांहून अधिक लोकांनी बसवले होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते अज्ञात खरेदीदारास विकले. नाव तेच, चिन्ह तेच. आत मात्र संशयास्पद भर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. ज्यांनी ते निवडले होते त्यांची निवड चुकली नव्हती. विश्वास ज्याच्यावर ठेवला, तो मालकच मधल्या काळात बदलला होता. आणि गंमत अशी की, तेच काम पुढे क्रोमने स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ‘मेमरी सेव्हर’ या नावाने दिले!

म्हणून ॲड-ऑन शोधण्यापूर्वी सेटिंग्ज धुंडाळणे हिताचे. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत देवनागरी लिपी निवडून अक्षरांचा किमान आकार ठरवता येतो. मग मराठी मजकूर त्याहून बारीक दिसत नाही. संकेतस्थळाने आपली भाषा नीट घोषित केली नसेल तर हा उपाय फसतो. तेव्हा कंट्रोलसह अधिकचे चिन्ह दाबावे. तो आकार त्या संकेतस्थळापुरता लक्षात ठेवला जातो. लेख निवांत वाचायचा असेल तर ‘रीडर व्ह्यू’ आहेच.

सूचना पाठवण्याची परवानगी मागणाऱ्या चौकटी तर एकदाच कायमच्या बंद करून टाकाव्यात. ज्येष्ठ मंडळी गोंधळून ‘अलाउ’ दाबतात आणि नंतर पडद्याच्या कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस शिरला’ अशा खोट्या धमक्या येऊ लागतात. गोपनीयतेच्या विभागात ‘नोटिफिकेशन’समोर नव्या विनंत्या नाकारण्याचा पर्याय असतो. हा एवढा एक बदल दहा ॲड-ऑनच्या तोडीचा आहे.

बँकेचे व्यवहार खासगी खिडकीत करावेत. आपण वेगळी परवानगी दिल्याशिवाय क्रोम आणि फायरफॉक्स दोहोंतही ॲड-ऑन तेथे चालत नाहीत. क्रोममध्ये एखाद्या ॲड-ऑनला ठरावीक संकेतस्थळांपुरते किंवा क्लिक केल्यावरच चालण्याची मर्यादाही घालता येते.

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ‘ए’ ही कळ एकत्र दाबल्यास बसवलेल्या ॲड-ऑनची यादी उघडते; क्रोममध्ये ती कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागे असते. कुणी, केव्हा आणि कशासाठी बसवले हे घरात कुणालाच आठवत नाही असे नाव त्या यादीत आढळले, तर ते त्याच बैठकीत काढून टाकावे. गरज पडलीच तर पुन्हा बसवायला दोन मिनिटे पुरतात.