कुरणातील शाळेचा धडा

पहिलीच्या वर्गात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलाजवळ दप्तराहून मोठे असे एक धन असते, आणि ते म्हणजे त्याचे कुतूहल. पाऊस कोठून येतो, मुंगी रात्री झोपते का, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, असे नाना प्रश्न त्याच्या ओठांवर असतात. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत त्यांतील बहुतेक मावळतात आणि एकच प्रश्न उरतो, "बाई, हे वहीत लिहायचं का?" प्राथमिक शिक्षणाच्या दुखण्याचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

मुलांचे वर्गात लक्ष लागत नाही, ही तक्रार जुनीच आहे. पूर्वी तिच्यावर छडीचा उतारा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु छडीच्या जागी आता आमिष आले आहे. वहीवर चांदणी, हातावर चॉकलेट, भिंतीवर गुणवंतांची यादी! भय काय किंवा लोभ काय, दोन्ही मुलाला बाहेरून ढकलतात. ढकलणारा हात दूर झाला की गाडी थांबते. गाडी आतून कशी चालेल, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून आलेल्या या माणसाने मुलांच्या विश्वासाचा मार्ग हेरला तो गोष्टीचा. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि सपशेल फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि कालचा गोंगाट करणारा वर्ग कान टवकारून बसतो. शिस्त आधी आणि गोडी मागून, हा आपला क्रमच उलटा आहे, हे त्या प्रसंगाचे मर्म होय.

भावनगरला गिजुभाईंसमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्राच्या मातीत रुजविला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. तेथे मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरली. थोरल्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे, म्हणून शाळेलगत पाळणाघर आले. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पाने आणि शिंपले आले. मूल शाळेला का येत नाही, असे विचारून या दोघी थांबल्या नाहीत. शाळा मुलाकडे का जात नाही, असे त्यांनी स्वतःलाच विचारले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला. खेळ, कृती आणि घरची भाषा यांवर त्याने भर दिला, तो याच वाटेवरचा आहे. परंतु धोरण कागदावरून वर्गात उतरणे अवघड असते. 'असर' या पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. २०२२ मधील १६.३ टक्क्यांच्या तुलनेत ही प्रगती खरी. तरीही चारांतील तीन मुले मागेच आहेत. घरी वारली, गोंडी वा कोरकू बोलणारे मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प बसते आणि वर्ग त्याला मठ्ठ ठरवितो. ते मूल मठ्ठ नसते, परके झालेले असते.

यावर शिक्षकांचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. पाच इयत्ता आणि माणसे दोन! त्यात माहितीचे तक्ते भरण्याचे काम वेगळेच. अशा शिक्षकाला आनंददायी शिक्षणावर व्याख्यान ऐकविणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्याचा वेळ त्याला परत देणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे. मात्र गोष्टीला इयत्ता नसते. पाचही वर्ग एकत्र बसवून ती सांगता येते. मग धाकट्यांनी तिचे चित्र काढावे, मधल्यांनी ती आपल्या बोलीत सांगावी, थोरल्यांनी लिहावी. यासाठी निधी लागत नाही, दिवसाची वीस मिनिटे लागतात.

पालकांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. तीन वर्षांच्या मुलाची भरलेली वही दाखवा, असा हट्ट धरणारा पालकच शाळेला खेळ बंद करावयास लावतो. शहरांतील अनेक खासगी शिशुवर्ग याच दडपणाखाली चालतात. शाळेतून परतलेल्या मुलाला आज किती लिहिलेस, असे न विचारता आज काय विचारलेस, असे घरोघरी विचारले जाईल, तर वर्गाचे रूप पालटू लागेल.

कोसबाडच्या कुरणात ना भिंती होत्या, ना फळा. तरीही तेथे शाळा भरली, कारण तेथील बाईंना मुलाचे जग ठाऊक होते. आज बहुतेक गावांत भिंती आहेत, फळे आहेत, कित्येक ठिकाणी पडदेही लागले आहेत. आता त्या भिंतींच्या आत मुलाचे जग आणावयाचे राहिले आहे.