देशांची यादी नको, तालुक्यापर्यंत पोहोचणारा नियम हवा

महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. दुबईच्या सहलीहून १ मार्चला परतलेले ते दांपत्य होते. त्या दिवसांत विमानतळांवर चीन, दक्षिण कोरिया, इराण, इटली अशा मोजक्या देशांतून येणाऱ्यांचीच तपासणी होत होती आणि त्या यादीत संयुक्त अरब अमिराती नव्हती. सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी ४ मार्चपासून सुरू झाली, म्हणजे हे दांपत्य घरी पोहोचल्यानंतर. अमिरातीहून येणाऱ्यांना विलगीकरण सक्तीचे झाले ते १८ मार्चला. तोवर त्यांची मुलगी, त्यांच्यासोबतचा एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्यात आणणारा कॅबचालक असे तिघेही बाधित ठरले होते. त्या कॅबचालकाने परदेशी पाऊलही ठेवलेले नव्हते. साथीच्या काळात परदेशातून येणाऱ्यांसाठी नियम कसे असावेत याचा विचार विमानतळाच्या दारापाशी थांबून चालत नाही, तो या कॅबचालकापासून सुरू करावा लागतो.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात आहे. अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांकडे जाऊन परतणारे अभियंते तिथे काम करतात. लवळ्याच्या टेकडीवरच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थी शिकतात. परतलेला अभियंता राहतो वाकडला किंवा बाणेरला, कामाला जातो हिंजवडीला. त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई माणहून किंवा मारुंजीहून येते, चालक पिरंगुट-पौडचा असतो आणि शनिवार-रविवारी तेच कुटुंब ताम्हिणीच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टवर उतरते. कागदावर यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि जिल्हा परिषद अशा तीन स्वतंत्र यंत्रणा येतात. विषाणूला मात्र या तिन्ही हद्दी ओलांडायला एक दिवस पुरतो. परतलेल्या प्रवाशाचे नाव त्याच्या राहत्या पत्त्याच्या महापालिकेला कळले, तरी माणच्या आशा सेविकेला किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयाला ते आपोआप कळत नाही. संसर्गाची पुढची पायरी मात्र तिथेच असते.

‘जोखमीचे देश’ ठरवून त्यांच्यापुरते कडक नियम करायचे ही पद्धत आपण २०२० मध्ये वापरली आणि २०२१ मध्ये पुन्हा वापरली. दुसऱ्या वेळीही ती याच परिसरात तोकडी पडली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी नायजेरियातल्या लागोसहून एक महिला दोन मुलींसह पिंपरी-चिंचवडला भावाकडे आली. तेव्हा कोविड विषाणूच्या नव्या प्रकाराचे ओमायक्रॉन हे नावही ठरलेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने ते दोन दिवसांनी दिले. १ डिसेंबरपासून लागू झालेल्या केंद्राच्या यादीत सगळा युरोप होता, दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिम्बाब्वे होते, पण नायजेरिया नव्हता. ५ डिसेंबरला अहवाल आले तेव्हा ती महिला आणि तिच्या मुली यांच्याबरोबर भाऊ आणि त्याच्या दोन मुलीही ओमायक्रॉनबाधित निघाल्या. त्याआधी सापडलेला ओमायक्रॉनचा राज्यातला पहिला रुग्ण डोंबिवलीचा होता. तो केपटाऊनहून दुबईमार्गे दिल्लीला आणि तिथून मुंबईला आला होता. दुबई किंवा दोह्यासारख्या ठिकाणी जगभरचे प्रवासी एकाच प्रतीक्षागृहात तासन्‌तास बसतात, त्यामुळे विमान कुठून उडाले यावरून प्रवासी कुणाच्या सहवासात होता हे उमगत नाही.

यादीचा याहून मोठा दोष तिच्या घडणीत आहे. एखाद्या देशाचे नाव यादीत येण्यासाठी त्या देशाने विषाणूचे जनुकीय परीक्षण करायला हवे, बदल ओळखायला हवा आणि तो जगाला सांगायला हवा. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी हे सगळे तत्परतेने केले आणि काही दिवसांतच जगाने त्यांच्या विमानांना दारे लावली. ज्या देशांनी शोधच घेतला नाही, ते यादीबाहेर राहिले. म्हणजे ही यादी रोगाचे प्रमाण दाखवत नाही, प्रयोगशाळांची क्षमता आणि सरकारांचा प्रामाणिकपणा दाखवते, आणि प्रामाणिक देशाला त्याची शिक्षा देते. पुढच्या साथीत एखादा देश माहिती दडवून ठेवील, तर त्याला ती सवय लावण्यात आपलाही हात असेल.

म्हणून नवा संसर्ग बाहेरून येत असण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत देश न पाहता प्रत्येक आंतरराष्ट्रीय प्रवाशाला सात दिवस घरीच थांबायला सांगावे आणि पाचव्या दिवशी चाचणी करावी, हा नियम मला सर्वांत न्याय्य आणि उपयोगी वाटतो. विमानतळावर ताप मोजणाऱ्या यंत्राला लक्षणे नसलेला बाधित दिसत नाही आणि उतरतानाची एक चाचणी नुकताच झालेला संसर्ग पकडू शकत नाही. मधल्या दिवसांना पर्याय नाही. केंद्राने असा सर्वांना लागू होणारा सात दिवसांच्या गृह विलगीकरणाचा नियम केलाही होता, पण तो अमलात आला ११ जानेवारी २०२२ रोजी, जेव्हा ओमायक्रॉन देशभर पसरून चुकला होता. महिनाभरात, १४ फेब्रुवारीला, तो मागे घेतला गेला. नियम योग्य होता, वेळ चुकली. स्थानिक प्रसार सुरू झाल्यावर प्रवाशाला कोंडून फारसे काही साधत नाही, त्यामुळे अशा आदेशावर पहिल्याच दिवशी त्याच्या समाप्तीची तारीख छापलेली असावी.

यावर पहिला आक्षेप संख्येचा असतो. मुंबईत रोज हजारो प्रवासी उतरतात, सगळ्यांवर लक्ष कोण ठेवणार? लक्ष ठेवण्याची मुख्य पद्धत पोलीस नसावी. बहुतेक माणसे घरी थांबायला तयार असतात. त्यांना अडवतो तो बुडणारा रोजगार, घरात वेगळी खोली नसणे आणि कार्यालयातून येणारा फोन. मे २०२० च्या अखेरीपासून परत आणलेल्या प्रवाशांना केंद्राच्या नियमानुसार सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात राहावे लागत होते. आखातातले काम गमावून रिकाम्या हाताने परतलेल्या मजुरालाही तो भुर्दंड होता. ज्याच्याकडे वेगळी खोली नाही त्याला सरकारने फुकट खोली द्यावी, मजुरी बुडेल त्याला भरपाई द्यावी, आणि कंपनीने परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याचे सात दिवस कंपनीने कामाचे धरावेत. हिंजवडीत हे अशक्य नाही. २०२० मध्ये विप्रोने तिथली आपली एक इमारत ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयासाठी राज्य सरकारला दिली होती. रुग्णालयासाठी इमारत मिळू शकते, तर रुग्ण होण्याआधीच्या सात दिवसांसाठी खोल्यांचा करार साथ नसताना करून ठेवता येईल.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. सीमा पूर्ण बंद का करू नये? न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये आपले नागरिक आणि कायमचे रहिवासी सोडून इतरांसाठी सीमा बंद केल्या आणि त्याचा फायदाही झाला. पण सुमारे ५० लाख लोकांचे ते बेटराष्ट्र आहे. परदेशात राबणारी एवढी माणसे आपली असताना त्यांना दीर्घकाळ बाहेर ठेवणे आपल्याला झेपणारे नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. शिवाय सक्ती वाढली की लपवालपवी वाढते, हे पुण्याइतके कुणाला ठाऊक असणार? १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग समितीचा अध्यक्ष असलेल्या रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अमलाखाली सैनिक घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले आणि संताप २२ जूनला रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्यांच्या हातावर मारलेल्या विलगीकरणाच्या शिक्क्यांनीही तशीच भीती पसरवली. जर्मनीहून परतलेल्या चौघांना ते शिक्के पाहून पालघरला रेल्वेतून उतरवण्यात आले. ते घरी थांबायला हवे होते हे खरे, पण शिक्का बघून पुढच्या माणसाने प्रवासाची माहितीच दडवली तर त्यात नुकसान सगळ्यांचे आहे.

विलगीकरणाच्या नियमाबरोबर परतलेल्या प्रवाशाची माहिती तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेलाही कळवायला हवी. पण तालुक्याला माहिती कळवली तर शिक्क्यांमागची तीच भीती बहिष्कार होऊन गावात येईल, अशी रास्त शंका कुणी घेईल. २०२० मध्ये राज्यातल्या अनेक गावांनी वेशीवर ओंडके आणि काटे टाकून रस्ते अडवले होते, त्यामुळे ही शंका हलक्यात घेता येत नाही. म्हणून नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागता कामा नयेत. ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत आणि संबंधित आशा सेविकेपर्यंतच जावीत, विलगीकरण संपताच नोंद पुसली जावी आणि ती फोडणाऱ्याला दंड असावा. यासाठी कायद्याचा आधार लागेल. मुंबईच्या प्लेगपायी जन्मलेला १८९७ चा साथरोग कायदा आपण आजही वापरतो. २०२० मध्ये त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध तरतूद झाली, ती आवश्यकच होती. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाची मजुरी, निवारा, खासगी माहिती आणि दाद मागण्याचा हक्क यांबद्दल मात्र त्या कायद्यात अजूनही एकही कलम नाही. साथ नसताना, घाई नसताना, विधिमंडळाला आणि संसदेला ती कलमे लिहिता येतील.