पारख सनावळीवर नको

मराठी सिनेमाचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. महोत्सवाच्या रांगेत पडतात, घरच्या जेवणाच्या ताटांवरही पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘प्रभात’ गेली आणि सिनेमा संपला. आता उरला तो नुसता कॅमेऱ्याचा खेळ. दुसरा म्हणतो, 2004 साली ‘श्वास’ येईपर्यंत मराठीत होतं काय? फड, सोशिक सुना आणि पाचकळ विनोद. दोघेही तळमळीनं बोलतात, आणि दोघांचंही म्हणणं पुराव्यासमोर टिकत नाही.

आधी ‘जुनं ते सोनं’वाल्यांचा पूर्वपक्ष. त्यांचा पहिला मुद्दा असा, की पूर्वी साधनं तुटपुंजी होती, पण गोष्ट होती. आता साधनं आहेत, गोष्ट नाही. हे ऐकून प्रभातच्या मंडळींनाच वाईट वाटलं असतं. 1929 मध्ये कोल्हापुरात उभी राहिलेली आणि 1933 मध्ये पुण्याला आलेली ही कंपनी तंत्राच्या बाबतीत कमालीची हावरी होती. 1933 च्या ‘सैरंध्री’साठी रंगाचा प्रयोग करायचा म्हणून तिनं थेट जर्मनी गाठली. प्रयोग फसला, पण केला. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांचे डोळे टेलिफोटो भिंगातून पडदाभर दाखवले आणि राजगुरूचा धर्मांधपणा एका शब्दाशिवाय प्रेक्षकाच्या अंगावर आणला. तंत्र आणि गोष्ट यांचं भांडण प्रभातच्या घरात नव्हतंच. ते नंतरच्यांनी लावून दिलं.

दुसरा मुद्दा सोज्वळपणाचा. म्हणे, तेव्हाचा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा होता. मग 1971 चा ‘सोंगाड्या’ आणि 1975 चा ‘पांडू हवालदार’ कोणत्या काळातले? दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर त्याच काळात टीकेची झोड उठली होती आणि त्याच काळात त्यांच्या सिनेमांना गर्दीही लोटत होती. ज्या दशकाला आज सोज्वळ म्हणून ओवाळलं जातं, त्या दशकाला स्वतःबद्दल असा गैरसमज नव्हता.

तिसरा मुद्दा उसनवारीचा. हल्ली सगळं कुठून तरी उचललेलं असतं, ही नेहमीची तक्रार. पण व्ही. शांताराम यांच्या 1972 च्या ‘पिंजरा’ची मूळ गोष्ट 1930 च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची. 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’चा सांगाडा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’चा. दोन्ही चित्रपट मराठी माणसानं आपले मानले, कारण दोन्हींचा संसार इथल्या मातीत नव्यानं मांडला होता. ‘पिंजरा’तला मास्तर जर्मन प्राध्यापकाची नक्कल वाटत नाही, गावानं देव मानलेल्या आपल्याकडच्या गुरुजींसारखा वाटतो. तेव्हा उसनवारी हे गुणदोष ठरवायचं माप होऊ शकत नाही. उसनं आणलेलं पचवलं की नाही, एवढंच विचारायचं असतं.

आणि मुख्य गोष्ट अशी, की जुन्यातलं जे आज आठवतं ते काळानं गाळून ठेवलेलं आहे. ‘संत तुकाराम’ आठवतो. त्याच वर्षी लागून आठवड्याभरात उतरलेले सिनेमे कुणालाही आठवत नाहीत. याउलट चालू वर्षातला प्रत्येक फसलेला सिनेमा डोळ्यांसमोर असतो. नव्वद वर्षांतल्या निवडक दहांची यंदाच्या सगळ्यांशी तुलना करायची आणि मग नव्याला नापास करायचं, हा न्याय म्हणायचा की अन्याय?

आता दुसरा पक्ष. त्याच्या मते जुना सिनेमा नाटकी, संथ आणि भाबडा. या आरोपाला उत्तर द्यायला 1937 चा ‘कुंकू’ पुरेसा आहे. नातलगांनी फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांनी ती साकारली आहे. डोळ्यांतून टिपं गाळत बसणारी ही मुलगी नव्हे. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं फोडून काढते. काकासाहेब झालेले केशवराव दाते मूळचे रंगभूमीचे, पण त्यांच्या अभिनयात रंगभूमीचा आवेश औषधालाही सापडत नाही. भिंतीवरचं मोठं घड्याळ टोले देतं आणि त्याच्यापुढे हा माणूस आपलं वय मोजत राहतो. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, दारातले, वस्तूंचे आवाज, एवढ्यावर शांताराम यांनी सगळा ताण पेलला आहे. बोलपट मराठीत येऊन जेमतेम पाच वर्षं झाली असताना दिग्दर्शकाला हे धाडस सुचलं.

भाबडेपणाचं म्हणाल, तर दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुन्हा बघावा. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम भक्तीत बुडालेला आहे खरा, पण घर चालवते ती गौरी यांनी उभी केलेली जिजाई. पोरगं तापानं फणफणलेलं असताना ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते. भुकेची बाजू मांडणारी बाई भक्तिपटाच्या गाभाऱ्यात नेऊन उभी करणं हे भाबड्यांचं काम नव्हे. 1937 च्या व्हेनिस महोत्सवानं या चित्रपटाची दखल घेतली, ती चमत्कारांसाठी घेतली असेल असं वाटत नाही.

संथपणाचा आरोप तर नव्याच्याच गळ्यात येतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा ‘कोर्ट’ मुद्दाम संथ आहे. कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा जागचा हलत नाही. अंधारल्या न्यायालयाकडे प्रेक्षकाला बघत बसावं लागतं. व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळवणाऱ्या या सिनेमाची ती संथ लय हीच ताकद आहे. वेग हा काळाचा गुण नसतो, दिग्दर्शकाचा निर्णय असतो.

सिनेमा वर्षागणिक सुधारत जातो, ही समजूतही सोडून द्यावी लागेल. जब्बार पटेल यांच्या 1982 च्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांची सुलभा स्वतःच्या कामासाठी घराबाहेर पडते आणि परतल्यावर आपली जागा उरली नाही हे पाहून पुन्हा बाहेर पडते. त्यानंतर नऊ वर्षांनी महाराष्ट्र डोळे पुसत बघत होता तो ‘माहेरची साडी’, छळ सोसत सोसत मरणाऱ्या सुनेचा. काळ पुढे गेला, सिनेमातली बाई मात्र मागे आली.

मग सिनेमा मोजायचा कशानं? तो आपल्या काळाकडे डोळे उघडे ठेवून पाहतो का, आणि जे पाहिलं ते सिनेमाच्या भाषेत सांगतो का, या दोन प्रश्नांनी. हे माप लावलं की जुन्या-नव्याची भिंत पडते आणि काही नाती दिसू लागतात.

‘सामना’ 1975 साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. विजय तेंडुलकरांच्या पटकथेत श्रीराम लागू यांचे मास्तर साखरसम्राट हिंदुरावाच्या राज्यात एकच चौकशी लावून धरतात: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं? चाळीस वर्षांनी ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे नावाचा शाहीर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. एका गाण्यामुळे सफाई कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. वीरा साथीदार यांनी हा शाहीर कमालीच्या शांतपणे उभा केला आहे. एका सिनेमात सत्तेनं माणूस गायब केला, दुसऱ्यात तारखांवर तारखा देत झिजवला. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले तर महाराष्ट्राचा चार दशकांचा प्रवास कळतो. एकच पाहिला तर निम्मा.

तसंच ‘कुंकू’ आणि ‘सैराट’चं. नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी परदेशी वाद्यवृंद वापरला आणि त्या सुरावटींवर सगळा महाराष्ट्र नाचला. शेवटच्या प्रसंगात मात्र दिग्दर्शकानं आवाजच काढून घेतला. लहानगं पोर बाहेरून घरात येतं, पुन्हा बाहेर पडतं, आणि दारातून निघालेल्या त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. थिएटरात कुणी हुंदकासुद्धा मोठ्यानं देत नाही. शांताराम यांनी पूर्ण सिनेमाभर जे केलं, ते मंजुळे यांनी शेवटच्या काही क्षणांत केलं. संगीत लोकांना रडायला मदत करतं. इथे दोघांनीही ती मदत नाकारली.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडत असतं. राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थिजतात आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकरांची चित्रं दिसतात. कुणी भाषण करत नाही.

हे माप जुन्यालाही सोडत नाही, नव्यालाही. ‘कुंकू’च्या अखेरीस काकासाहेब स्वतःचं आयुष्य संपवून नीरेला मोकळं करतात. नवरा जिवंत असताना बाईनं घर सोडलं तर काय, हा त्याहून कठीण प्रश्न चित्रपटानं टाळला. तो ‘उंबरठा’नं पंचेचाळीस वर्षांनी घेतला. आणि अलीकडच्या ऐतिहासिक पटांच्या लाटेत टाळ्यांसाठी लिहिलेले संवाद इतके झाले आहेत, की इतिहासातली माणसं श्वास घेताना दिसतच नाहीत. गौरव कितीही खरा असला तरी तो एकट्यानं सिनेमा होत नाही.

जुना सिनेमा मात्र एका बाबतीत दुबळा आहे: तो नाहीसा होऊ शकतो. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट आज कुठेही शिल्लक नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि आरंभकाळातल्या कितीतरी चित्रपटांची रिळं जळाली. जे उरलं ते बघण्याजोग्या प्रतींत लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, आणि नव्या सिनेमाला दुसरा शुक्रवार पाहायला मिळेल इतके खेळ मिळाले पाहिजेत. या दोन्ही मागण्या एकाच तोंडानं करायच्या आहेत. तेव्हा ‘कुंकू’ थोर की ‘सैराट’ असा वाद घालणाऱ्यांनी पुढच्या आठवड्यात दोन्ही सिनेमे बघावेत, घरातल्या तरुणांना आणि आजी-आजोबांना शेजारी बसवून बघावेत, आणि मगच भांडावं.