भिंतीतलं भूत आणि नियमातलं भोक

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतलं (२०१४) भूत कधी अंगावर घेतलंय? घेतलं असेल तर पुढचं वाचताना तुमची मान आपोआप हलेल. नसेल, तर थोडक्यात सांगतो.

टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा हा खेळ. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. गोष्ट तो सांगतो, राक्षस-भुतं तो चालवतो आणि नियमांचा निवाडाही तोच करतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. मारामारी सुरू झाली की पाळीपाळीने टर्न. टर्नमध्ये एक ॲक्शन आणि ठरावीक फूट चाल. शिवाय राउंडला एक रिॲक्शन, जी दुसऱ्याच्या टर्नमध्येही वापरता येते.

आता भूत. हवेतून ४० फूट जातं. माणसांतून, भिंतींतून आरपार जाऊ शकतं, फक्त तिथलं प्रत्येक फूट दोन फुटांच्या भावाने मोजायचं. आणि टर्न संपताना वस्तूच्या आत राहिलं, तर दहा बाजूंचा एक फासा टाकून तेवढी इजा. वाचायला अगदी व्यवस्थित वाटतं. आता गणित करू.

मध्ये पाच फूट जाडीची भिंत. पलीकडच्या खोलीत भिंतीलगत भूत, अलीकडे भिंतीलगत आपला लढवय्या. भूत भिंतीत शिरलं, १० फूट. लढवय्याच्या शेजारच्या चौकोनात बाहेर आलं, ५ फूट. हल्ला केला. परत भिंतीत, १० फूट. पलीकडे, ५ फूट. एकूण ३०. म्हणजे वर १० फूट शिल्लक! टर्न संपला तेव्हा स्वारी मोकळ्या खोलीत, त्यामुळे भिंतीत राहण्याची इजाही शून्य.

तुम्ही म्हणाल, पळताना लढवय्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळेल की! नाही मिळत. नियम म्हणतो, "दिसणारा" शत्रू तुमच्या "टप्प्याबाहेर" गेला तरच. भूत भिंतीत शिरतं तेव्हा ते दिसतंय, पण तिरक्या चौकोनात, म्हणजे अजून टप्प्यातच. भिंतीतून पलीकडे जातं तेव्हा टप्प्याबाहेर जातंय, पण आता दिसत नाही. दोन अटी, आणि दोन्ही एकाच वेळी कधीच खऱ्या होत नाहीत. असा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला असता तर मी जागेवर परत पाठवला असता.

राहता राहिला उपाय रेडी ॲक्शनचा. "भूत बाहेर आलं की मारीन" असं म्हणून टर्न सोडायचा. पण यात ॲक्शनही जाते आणि रिॲक्शनही. शिवाय पाचव्या पातळीवर लढवय्याला मिळणारा एक्स्ट्रा अटॅक फक्त स्वतःच्या टर्नमध्ये चालतो, त्यामुळे दोन वारांच्या जागी एकच. तोही साध्या तलवारीचा असेल तर भुताला अर्धाच लागतो. भूत मात्र आपलं सगळं वापरून मोकळं!

हे आधी असं नव्हतं. ३.५ आवृत्तीत (२००३) चाल मध्येच तोडून हल्ला करता येत नसे. आधी चाला मग मारा, किंवा आधी मारा मग चाला. मध्ये मारायचं तर स्प्रिंग अटॅक किंवा फ्लायबाय अटॅक हे खास कौशल्य लागायचं. शिवाय तिथे स्पष्ट लिहिलं होतं: भूत भिंतीत असताना पूर्ण आड, पण बाहेरच्यावर हल्ला करताना नुसती आड, आणि रेडी ॲक्शन घेऊन थांबलेला तेव्हा त्याला मारू शकतो. भिंत फारच जाड असेल तर आरपार जाताच येत नसे. चौथ्या आवृत्तीत (२००८) भिंतीतून जा, पण चाल मोकळ्या जागेत संपव, असा नियम होता.

पाचव्या आवृत्तीने चाल तोडून मध्ये हल्ला करायची मुभा सगळ्यांना दिली. बदल उत्तम, लढाई खेळती झाली. भुताचा नियम दोन वाक्यांत बसवला, तोही बदल एकटा घेतला तर उत्तम. पण दोन्ही एकत्र चालवून कुणी पाहिलं नसावं असं वाटतं. आमच्या धंद्यात हे रोजचंच. प्रत्येक मॉड्यूल सुटं चालवलं की हिरवं, आणि जोडलं की बोंब.

यावर नेहमीची दोन उत्तरं येतात.

पहिलं: "डीएम आहे ना, तो बघून घेईल." अहो, पण भूत कोण चालवतंय? तोच! गोलंदाज आणि पंच एकच माणूस असेल, तर पायचीतचा नियम जास्त स्पष्ट हवा की कमी? लिहिलेला नियम डीएमचे हात बांधतो असं लोकांना वाटतं. उलट तो डीएमला वाचवतो. भूत हुशारीने चालवलं तर खेळाडू म्हणतात हा सूड काढतोय. मुद्दाम बावळटासारखं चालवलं तर म्हणतात आम्हाला जिंकवतोय. दोन्हीकडून शिव्या त्यालाच.

दुसरं: "भूत आहे ते, हाती लागू नये हीच तर मजा." साफ चूक. भुताची भीती त्याच्या नियमातून येते. आपला मुंजा पिंपळ धरून असतो. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसतो, पण राजा बोलला की उडतो. काय केलं की काय होईल हे माहीत असतं, म्हणून तर धाकधूक होते. ज्याच्यावर काहीच चालत नाही त्याची भीती वाटत नाही, कंटाळा येतो. शनिवारची संध्याकाळ मोकळी करून, ट्रॅफिक तुडवत आलेल्या चार जणांनी "मी थांबतो", "मी पण थांबतो" एवढंच म्हणत तास काढायचा, याला लढाई म्हणत नाहीत, रेशनची रांग म्हणतात. आणि त्यात जो नवा असतो त्याला वाटतं, आपल्यालाच खेळता येत नाही. तो पुढच्या वेळी येत नाही. खरं नुकसान हे आहे.

उपाय एका ओळीचा आहे: हल्ला केलेल्या टर्नमध्ये भूत घन वस्तूत शिरलं, तर ते शिरतानाच टप्प्याबाहेर गेलं असं धरायचं. बस्स. लगतच्या, रिॲक्शन शिल्लक असलेल्या प्रत्येकाला एक वार. भिंती भुताच्याच राहतील, पण मारून पळायची किंमत पडेल. पंचेचाळीस हिट पॉइंट आणि अकरा आर्मर क्लासवाल्या भुताला ती झेपते का, हे त्यालाच ठरवू दे.

डीएम मंडळी, पुढच्या खेळाआधी ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा. भूत भिंतीतून बाहेर आल्यावर नको, त्याच्या आधी :)