असू दे, काय बिघडतंय?

प्रोजेक्टचा कोड एकदाचा चालायला लागला की आपल्याकडे एक अलिखित नियम लागू होतो : चालतंय ना, मग हात लावू नका! कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसलेली ओळसुद्धा मग तशीच राहते. कर्नलच्या कोडमध्ये हा मान बऱ्याचदा मेमरी बॅरियरला मिळतो. माझं मत विचाराल तर, ज्याचं कारण सांगता येत नाही तो बॅरियर काढलाच पाहिजे. पण पुराव्यानिशी!

थोडी उजळणी करू. प्रोसेसर आणि कंपायलर दोघेही मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम आपल्या सोयीने बदलतात. एका कोअरने आधी डेटा भरला आणि मग 'तयार' असा फ्लॅग लावला, तरी दुसऱ्या कोअरला फ्लॅग आधी दिसू शकतो. हा क्रम पक्का करतो बॅरियर. मात्र टाळी एका हाताने वाजत नाही. लिहिणाऱ्याने क्रम पाळला तसा वाचणाऱ्यानेही पाळावा लागतो.

"एखादा जास्त असला तर काय बिघडतं? थोडा वेग जाईल, सिस्टिम तर पडणार नाही!" हा नेहमीचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. वेगाचं नुकसान त्यातल्या त्यात लहान. खरा तोटा वाचणाऱ्याचा. तो बिचारा या बॅरियरची जोडी शोधत बसतो, ती सापडत नाही, आणि मग भीतीपोटी स्वतःचा आणखी एक घालतो.

लिनक्सवाल्यांनी ही साफसफाई केलेली आहे. पूर्वी काही ड्रायव्हरांत स्पिनलॉक सोडण्याआधी 'एमएमआयओडब्ल्यूबी' हाताने लिहावा लागे. २०१९ साली ५.२ आवृत्तीत विल डीकन यांनी ते काम अनलॉकमध्येच घातलं आणि ड्रायव्हरांतल्या त्या ओळी काढून टाकल्या. गरज संपली नव्हती, तिची जागा बदलली. २०२० च्या ५.९ मध्ये केवळ अल्फा प्रोसेसरसाठी लागणारा एक बॅरियर असाच सामाईक कोडमधून अल्फाच्या घरी गेला.

आता उत्साही मित्रांसाठी इशारा. "लॅपटॉपवर रात्रभर चालवलं, काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. एक्स८६ बराचसा क्रम स्वतःच पाळतो. एआरएम तितका पाळत नाही. आणि एक्स८६ वरही आधीच्या लिहिण्याला मागे टाकून नंतरचं वाचन पुढे जाऊ शकतं. ओएसच्या पेपरासाठी आपण पाठ करतो ते पीटरसनचं अल्गोरिदम बॅरियरशिवाय तिथेच फसतं! २०१८ पासून लिनक्सच्या सोर्समध्येच औपचारिक मेमरी मॉडेल आहे. छोटी लिटमस टेस्ट लिहायची, 'हर्ड' या टूलला द्यायची. मॉडेलप्रमाणे शक्य असलेले सगळे निकाल ते तपासून देतं.

तेव्हा मित्रांनो, बॅरियर घालताना वर दोन ओळींची कॉमेंट लिहा : कोणता क्रम राखायचा आहे आणि जोडीदार कुठे आहे. त्या दोन ओळी सुचत नसतील, तर बॅरियर घालायची वेळ अजून आलेली नाही असं समजा.